चेस डेटाबेसचा वर्षभराचा रिव्ह्यू, आणि तोसुद्धा एका रोमानियन माणसाच्या जोरावर

आधीच सांगतो मी काही मोठा खेळाडू नाही, रेटिंग विचारू नका. हा रिव्ह्यू आहे एका ऑनलाइन चेस डेटाबेसच्या, म्हणजे जगभर खेळल्या गेलेल्या डावांच्या साठ्याच्या, पेड सबस्क्रिप्शनचा. नाव मुद्दाम घेत नाहीये, पुढे तक्रारी आहेत आणि मला कोणाशी भांडण नकोय. तसेही हे डेटाबेस सगळे उन्नीस-बीसच असतात, त्यामुळे तुम्ही दुसरा कुठला घेणार असाल तरी यातलं बरंचसं तिथेही लागू पडेल.

लोक असली सर्व्हिस घेतात ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींच्या, तयारीसाठी. मी घेतली ती एका माणसाची अख्खी कारकीर्द पहिल्या डावापासून शेवटपर्यंत पटावर मांडून बघायला. फ्लोरिन गेओर्गिऊ, बुखारेस्टचा, जन्म १९४४, रोमानियाचा पहिला ग्रँडमास्टर. जाहिरातीत लिहिलं होतं 'कुठल्याही खेळाडूची पूर्ण कारकीर्द एका क्लिकवर', तर म्हटलं बघू. आता यासाठी कार्पोव किंवा कास्पारोवसारखा वर्ल्ड चॅम्पियन घेतला असता तर कुठलंही ॲप पास झालं असतं, त्यांच्या डावांवर सगळेच मेहनत घेतात. दुकानात माल किती आहे ते बघायचं तर मधल्या फळीतला माणूस मागायचा, ज्याला जाणकार ओळखतात पण पोस्टरवर कोणी लावत नाही.

पहिलाच घास आणि खडा लागला. नाव सापडेना. मी ऐकल्याप्रमाणे नाव टाईप केलं, रिझल्ट शून्य. मग कळलं की रोमानियन भाषेत जी नंतर ई किंवा आय आला की उच्चार 'ज' होतो, तो 'ग' राहावा म्हणून मध्ये एच घालतात. म्हणजे स्पेलिंगमध्ये तो एच विसरलात की माणूसच गायब. बरं एच घातला तरी काम संपत नाही, एकाच माणसाची दोन प्रोफाइल निघाली, एक पूर्ण नावाचं आणि एक नुसतं आडनाव आणि आद्याक्षराचं, दोन्हीकडे डाव विभागलेले आणि वर जिंकण्याची टक्केवारी मात्र दोन्हीकडे छातीठोक. शिवाय गेओर्गिऊ हे तिकडे कॉमन आडनाव आहे, त्यामुळे तिसऱ्याच कोणाचे डाव आपल्या माणसाच्या खात्यात नाहीत ना हे आपणच स्पर्धा आणि साल बघून तपासायचं. व्हिक्टर चोकल्तेआ, म्हणजे गेओर्गिऊचा देशातलाच प्रतिस्पर्धी, त्याच्या बाबतीत तर त्या ए वरच्या टोपीमुळे अजून गोंधळ, टोपीसकट शोधलं तर एक यादी, टोपीशिवाय दुसरी. पैसे घेऊन इतकं तरी करायला हवं होतं राव.

एकदा दोन्ही याद्या एकत्र केल्या की मात्र मजा यायला लागते, हे मान्य करायला हवं. सालाचा फिल्टर छान आहे. १९६० लावलं की दिसतं हा मुलगा सोळाव्या वर्षी रोमानियाचा चॅम्पियन. १९६३ ला ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियन, युगोस्लाव्हियात व्रन्याच्का बान्या नावाच्या गावात. ही स्पर्धा तेव्हा दोन वर्षांतून एकदा व्हायची, १९५५ ला ती स्पास्कीने जिंकली होती आणि पुढे १९६९ ला कार्पोवने जिंकली, म्हणजे किताब काही साधासुधा नाही, तो जिंकणारा माणूस पुढे कुठे जाऊ शकतो हे या दोघांनी दाखवलं, दोघंही पुढे वर्ल्ड चॅम्पियन झाले. १९६५ ला ग्रँडमास्टर. यानंतर देशात दुसरा ग्रँडमास्टर यायला १९७८ उजाडलं. तेरा वर्षं अख्ख्या देशात हा एकटा. प्रोफाइलवर याचं काही नाही बरं का, तिथे फक्त किताबाचं साल. बाकीचं मी स्वतः इतरांची सालं लावून काढलं, आणि एक दुपार त्यात गेली.

राष्ट्रीय चॅम्पियनशिप त्याने नऊ वेळा जिंकली: १९६०, ६२, ६४, ६५, ६६, ६७, मग एकदम ७३, मग ७७, आणि मग ८७. ही यादी नीट बघा, सुरुवातीला धडाधड आणि मग चार-सहा, शेवटी तर दहा वर्षांची फट. त्या फटींत कोण होतं? ६९, ७०, ७१ ला चोकल्तेआ, पुन्हा ७५ ला आणि ७९ ला तोच. चोकल्तेआ वयाने बारा वर्षं मोठा, १९३२ चा, आठ वेळचा चॅम्पियन, पहिल्यांदा जिंकला १९५२ ला जेव्हा गेओर्गिऊ आठ वर्षांचा होता. दोघांच्या सालांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की दातऱ्या चाकांसारख्या एकमेकांत बसतात. डेटाबेसमध्ये 'दोघांची तुलना' म्हणून एक बटन आहे, मला वाटलं वा, आता हेच दाखवेल, तर ते दाखवतं फक्त आपापसातल्या जय-पराजय-बरोबरीचा रंगीत गोल. पोळीचे तुकडे केल्यासारखा. त्याचं मी काय करू?

या राष्ट्रीय चॅम्पियनशिपचे टॅग तर विचारूच नका, कुठे 'आरओएम-सीएच' (रोमानिया चॅम्पियनशिपचं लघुरूप), कुठे 'सीएच-आरओएम', कुठे नुसतं बुखारेस्ट. जुन्या डावांना तारीखच नाही, सालापुढे महिना आणि दिवसाच्या जागी प्रश्नचिन्हं. म्हणजे एका स्पर्धेतले डाव कुठल्या क्रमाने झाले ते कळत नाही, आणि क्रम कळला नाही तर पहिल्या फेरीत हरलेला माणूस पुढे कसा उभा राहिला ही गोष्टच हातातून जाते. हा दोष फक्त या डेटाबेसचा नाही, जुन्या डावांच्या फाइल्स फिरत फिरत सगळीकडे अशाच पोचल्यात. पण 'पूर्ण कारकीर्द' म्हणून विकताना हे छोट्या अक्षरात तरी लिहा की.

आता मुख्य डाव. ज्याच्यामुळे हा माणूस आजही लोकांना आठवतो आणि ज्याच्यामुळे मी पण त्याच्या नादी लागलो. हवाना, १९६६, सतरावं ऑलिम्पियाड (देशांच्या संघांची स्पर्धा), गेओर्गिऊ विरुद्ध अमेरिकेचा बॉबी फिशर, जो पुढे वर्ल्ड चॅम्पियन झाला. पांढरी गेओर्गिऊची. वय बावीस, समोरचा तेवीस. निम्झो-इंडियन नावाची ओपनिंग, चौथ्या चालीला प्यादं एफ३ या घरात (घरांना अशी अक्षर-आकड्यांची नावं असतात), जे बघून नवशिक्याला वाटेल की अरे घोड्याची हक्काची जागा का अडवली. मग ए३ करून काळ्याच्या उंटाला विचारतो बाबा तुझं काय ते ठरव, उंट घोडा मारतो, मध्ये प्यादी अडकतात, फिशरचा घोडा एच५ ला, तिथून एफ४ ला, तिथून परत जी६ ला, आणि तेवढ्यात पांढरा जी४, एच४ ढकलून मोकळा. आणि राजा? किल्लेकोट नाहीच, चालत एफ२ वर जाऊन उभा. फिशरसमोर. मी हा डाव खऱ्या लाकडी पटावर मांडून बघितला, इंजिन, म्हणजे चाली तपासणारा कॉम्प्युटर, मुद्दाम बंद ठेवून, आणि बाराव्या चालीला राजा एफ२ वर ठेवताना माझाच हात थोडा थबकला. हे ॲपमध्ये बोट सरकवून बघितलं तर काही वाटत नाही हं, सांगून ठेवतो. फोनवरचा पट तसाही काड्यापेटीएवढा आहे.

फिशर हरला. त्या ऑलिम्पियाडमधली त्याची ही एकमेव हार, चौदा जिंकले, दोन बरोबरीत, एक हा. १७ पैकी १५ गुण म्हणजे ८८.२३ टक्के. तिकडे वर्ल्ड चॅम्पियन पेट्रोस्यान १३ डावांत साडेअकरा, ८८.४६ टक्के. पहिल्या बोर्डाचं, म्हणजे संघांच्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूंमधलं, वैयक्तिक सुवर्ण टक्केवारीवर द्यायचे, ते गेलं पेट्रोस्यानला. चार डाव जास्त खेळून, पाव टक्क्यापेक्षाही कमी फरकाने फिशर मागे. आणि खरी गंमत पुढे आहे, या डावात गेओर्गिऊने बरोबरीची ऑफर दिली होती. फिशरने नाकारली. घेतली असती तर साडेपंधरा गुण आणि सुवर्ण त्याचं.

आता मला सांगा, या डावातली सगळ्यात महत्त्वाची घटना कुठली? राजा एफ२? जी४? नाही, ती नाकारलेली ऑफर. आणि ती डेटाबेसमध्ये नाही! चालींच्या यादीत कुठेच नाही. कितव्या चालीला दिली, पट तेव्हा कसा होता, ऑफर देताना पांढरा बरा होता की घाबरलेला, काहीच कळत नाही. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या आजच्या नियमांप्रमाणे ऑफर झाली की दोघांनी आपापल्या स्कोअरशीटवर (चाली लिहायच्या कागदावर) (=) अशी खूण करायची असते, पण स्कोअरशीटवरची ती खूण डेटाबेसमध्ये चढवताना कोणी घेत नाही, चाली तेवढ्या उतरवून घेतात. मी सपोर्टला लिहिलं की बाबांनो निदान जिथे ऑफर प्रसिद्ध आहे तिथे एक टीप टाका. उत्तर आलं, 'आपल्या सूचनेबद्दल धन्यवाद'. तीन महिने झाले. चालू आहे धन्यवाद.

आणि हे मी एवढं का ताणतोय, तर गेओर्गिऊची कारकीर्दच मुळी बरोबरीच्या ऑफरभोवती फिरते. इथे डेटाबेसचं एक फीचर खरंच कामाला आलं, चालींच्या संख्येचा फिल्टर. बरोबरी आणि वीसपेक्षा कमी चाली असं लावलं, आणि यादी अशी खाली खाली जातच राहिली की मी अंगठा थांबवून हसलो. डाव सुरू होतो, दोघं ओपनिंगच्या सातआठ ओळखीच्या चाली खेळतात, उंट बाहेर, किल्लेकोट, नमस्कार, घरी. माझा एक मित्र बघून म्हणाला, हा काय खेळाडू, हा तर हजेरी लावून जातो. मला पण पहिल्या महिन्यात तेच वाटलं होतं, वैताग आला होता, पैसे वाया गेले म्हटलं.

मग फिल्टर उलटा लावून बघितला, म्हणजे कोणाशी आणि कधी. इथे जरा वेळ द्यावा लागतो कारण फेरीचा नंबर सगळीकडे नाही, पण सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या ओपन स्पर्धांना बऱ्यापैकी आहे. चित्र असं दिसतं की वरच्या तोडीच्या माणसाशी आणि त्यातही शेवटी शेवटी झटपट बरोबरी, पण आपल्यापेक्षा कमकुवत माणूस समोर आला की चाळीस चाली, साठ चाली, सोडतच नाही, पिळून काढतो. ओपन स्पर्धा स्विस पद्धतीने होतात, म्हणजे ज्याचे जितके गुण त्याची गाठ तितक्याच गुणांच्या माणसाशी, सुरुवातीला कच्चे लोक मिळतात आणि शेवटी दादा लोक. तिथे पहिला येणारा माणूस दादांना हरवून येतो असं नाही, कच्च्यांशी एकही अर्धा गुण न सांडता आणि दादांशी न हरता येतो. नऊ दहा दिवसांत रोज एक डाव, कधी दोन, तिथे बारा चालींची बरोबरी म्हणजे अर्ध्या दिवसाची सुट्टी. आळस नाही तो, हिशोब आहे. मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला 'मग प्रेक्षकांनी काय बघायचं', आणि यावर माझ्याकडे उत्तर नाही.

हिशोब बरोबर होता हे निकाल सांगतात. १९७९ चं लोन पाइन, कॅलिफोर्नियात डोंगराच्या पायथ्याशी एवढंसं गाव आणि तिथे जगभरचे ग्रँडमास्टर, पहिला नंबर चौघांत वाटला गेला: ग्लिगोरिच, होर्ट, लिबरझोन आणि आपला गेओर्गिऊ. यूएस ओपन १९७९, ८०, ८१ सलग तीन वर्षं पहिल्या नंबरावर किंवा त्यात वाटेकरी. एक रोमानियन माणूस, हुकूमशहा चाउशेस्कूचा काळ, आणि दरवर्षी अमेरिकेत जाऊन त्यांचीच ओपन घेऊन येतोय! त्याआधी १९६७-६८ चं इंग्लंडमधलं हेस्टिंग्ज, तिथेही चौघांत पहिला, होर्ट, स्टाइन आणि सुएतिनबरोबर. 'वाटून पहिला' हा शब्द या माणसाच्या कारकिर्दीत इतक्या वेळा येतो की डेटाबेसवाल्यांनी त्याचं वेगळं बटन द्यावं. तसं प्रोफाइलवर स्पर्धेतल्या क्रमांकाची काही सोयच नाही. डाव आहेत, पण स्पर्धेचा तक्ता नाही. तक्ता बघायला दुसरीकडे जायचं. पूर्ण कारकीर्द एका क्लिकवर म्हणे.

आणि तोच हिशोब जिथे चालत नाही ती जागा म्हणजे इंटरझोनल. वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या वाटेवरची पायरी, तिथून वरचे दोन किंवा तीनच कँडिडेट्सना, म्हणजे चॅम्पियनला आव्हान कोण देणार ते ठरवणाऱ्या फेरीला, जातात, 'वाटून सातवा' वगैरेला किंमत शून्य. तो १९७३ ला ब्राझीलमध्ये पेट्रोपोलिसला खेळला, १९७९ ला रिगाला जिथे ताल १७ पैकी १४ गुण करून सगळ्यांना मागे टाकून गेला, १९८२ ला मॉस्कोला जिथून कास्पारोव पुढे गेला. कँडिडेट्सला एकदाही नाही पोचला. मॉस्कोचे डाव बघताना एक गोष्ट डोक्यात आली, कास्पारोवचा जन्म १९६३ चा, म्हणजे ज्या वर्षी हा ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियन झाला त्या वर्षीचा. एकोणीस वर्षांचं पोरगं त्याच हॉलमध्ये पहिलं येतंय आणि हा अडतीसचा. हे डेटाबेसने नाही सांगितलं, पण डाव सालाप्रमाणे लावून बघत असाल तर आपोआप समोर येतं, आणि त्यासाठी तरी मी या सबस्क्रिप्शनला अर्धा स्टार वाढवून देतो.

फिशरने उट्टं काढलं की नाही, असं कोणीतरी विचारेलच. काढलं. ब्युनोस आयर्स १९७०, यावेळी पांढरी फिशरची, गेओर्गिऊने पेट्रॉफ नावाची ओपनिंग खेळली, जी माणूस सहसा शांतपणे अर्धा गुण खिशात घालायला खेळतो. फिशरने हरवलं, आणि ती स्पर्धाही १७ पैकी १५ करून जिंकला. हवानाचेच आकडे, १७ पैकी १५! हे लक्षात आलं तेव्हा मी रात्री पाऊण वाजता एकटाच 'अरे' असं ओरडलो. दोन्ही डाव एकामागोमाग बघा, हवानाचा आणि हा, मध्ये चहा घेऊ नका.

इंजिनबद्दल थोडक्यात. आहे, वेगवान आहे, बाजूला पट्टी वरखाली होते आणि चुकीच्या चाली लाल होतात. पण १९६६ च्या माणसांच्या चाली लाल करून मला काय मिळणार? ज्यांना तयारी करायची त्यांना उपयोग आहे. मी दुसऱ्या आठवड्यात बंद केलं ते केलंच. बंद करायचं बटन मात्र तीन मेनू आत लपवलंय आणि दर वेळी ॲप उघडलं की आपोआप परत चालू होतं, हे कोणाच्या डोक्यातून आलं देव जाणे.

चोकल्तेआचं पण थोडं सांगायला हवं, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. फिशरला ऑलिम्पियाडमध्ये हरवणारा रोमानियन फक्त गेओर्गिऊ नव्हे. १९६२ ला व्हार्नाला चोकल्तेआने आधीच हरवलं होतं. म्हणजे चार वर्षांत दोन ऑलिम्पियाड, दोन वेगळे रोमानियन, दोन्ही वेळा फिशर गार. मी प्रतिस्पर्धी फिशर, देश रोमानिया असा फिल्टर लावून हे एका मिनिटात काढलं, आणि इथे सर्व्हिस एकदम झकास चालली, तक्रार नाही. पण त्याच चोकल्तेआच्या यादीच्या टोकाला गेलो तर १९८३ ला डाव थांबतात. बस्स. पुढे काही नाही, जसं निवृत्त झालेल्या माणसाचे थांबतात तसेच. प्रत्यक्षात तो त्या सप्टेंबरमध्ये स्पेनमध्ये, बार्सिलोनाजवळ मान्रेसाला, स्पर्धा चालू असतानाच वारला. एकावन्न वर्षांचा होता. ग्रँडमास्टर होऊन पाचच वर्षं झाली होती. यादीत शेवटच्या ओळीखाली 'अधिक डाव दाखवा' असं करड्या रंगात बटन आहे, दाबलं की काही होत नाही.

मग घ्यावं का? ओपनिंग बघायला घेणार असाल तर फुकट मिळणाऱ्या साइट्सवर भागतं, लिचेसवर तर जाहिरातीपण नाहीत आणि स्टडी बनवून त्यात आपल्या नोट्स टाकता येतात, मी आता माझ्या सगळ्या नोट्स तिथेच हलवल्यात. हवानाच्या डावाच्या सुरुवातीलाच ऑफरची टीप टाकून ठेवलीय, चालीचा आकडा न देता. एखाद्या खेळाडूच्या मागे लागायचं असेल तर पेड घ्या पण तीन महिन्यांचं घ्या, वर्षाचं नको, तीन महिन्यांत एका माणसाचे डाव होतात बघून. माझे पाचपैकी तीन. अर्धा कापला दोन प्रोफाइलसाठी, अर्धा तक्त्यांसाठी, दीड त्या धन्यवादसाठी, आणि कास्पारोववाला अर्धा परत मिळवला.

एक काम मात्र रद्द करायच्या आधी करा: सगळे डाव एका फाइलमध्ये उतरवून घ्या, एका वेळी ठरावीक डावच उतरतात त्यामुळे पाच-पाच वर्षांचे तुकडे पाडून उतरवा. आणि ऑटो-रिन्युअल वेबसाइटवरून बंद करा, ॲपमधून बंद होत नाही, मला हे दोन दिवस आधी कळलं म्हणून वाचलो.